पात्र-अपात्राची चाळण

१९३१ सालच्या नोव्हेंबरपासून ब्रिटनमधील कामगार वस्त्यांत एक सरकारी पाहुणा दारोदार फिरू लागला. त्याच्या हाती वही असे. घरात माणसे किती, त्यांपैकी कमावती कोण, थोरल्या मुलीला गिरणीत आठवड्याला किती शिलिंग मिळतात, आजोबांचे पेन्शन किती, बचत किती, घरातली कोणती चीजवस्तू विकण्याजोगी आहे, या साऱ्याची तो बारकाईने नोंद करी. ज्या घरचा कर्ता पुरुष सहा महिन्यांहून अधिक काळ बेकार होता, त्या घरी हा पाहुणा हमखास येई. मुलीचा पगार पुरेसा आहे असे ठरले, की बापाचा भत्ता कमी होई किंवा बंदच होई. काल कुटुंबाचा पोशिंदा असलेला बाप आज लेकीच्या मिळकतीवर जगू लागे. हे असह्य होऊन काही घरांतील तरुण मुलेमुली दुसरीकडे खोली घेऊन राहिली. आपण घरात नसलो, तर निदान वडिलांचा भत्ता तरी चालू राहील, एवढाच त्यांचा हिशेब होता. 'मीन्स टेस्ट', म्हणजे ऐपतीची चाचणी, हे दोन शब्द त्या पिढीने पुढे आयुष्यभर शिवीसारखे उच्चारले.

हे घडले ते जगातील अत्यंत संपन्न अशा साम्राज्याच्या मायभूमीत. ज्यांनी हा नियम केला ते सारे पाषाणहृदयी होते असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तिजोरीत पैसा मोजका असतो, मागणारे हात अनेक असतात आणि त्या हातांत एखादा लबाडाचा हातही असू शकतो, ही अडचण प्रत्येक काळात खरीच होती. बेकाराला आणि आजाऱ्याला मदत द्यायची तर किती, किती दिवस आणि कोणती परीक्षा घेऊन, हे तीन प्रश्न समाजाला पडतच आले आहेत. त्यांची उत्तरे कशी बदलत गेली, आणि त्या उत्तरांची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

एक जुना वाद

हा वाद ख्रिस्तसभेला नवा नाही. चौथ्या शतकातील संत जॉन क्रिसोस्तोम यांचा आग्रह असा, की दारी आलेल्याच्या आयुष्याची झडती घेऊ नये. त्याची गरज हीच त्याची पात्रता. त्यांचेच समकालीन संत अँब्रोज यांनी मात्र दानाला विवेकाची जोड हवी असे सांगितले. ढोंगी याचकांनी दानपेटी रिकामी केली, तर खरे दरिद्री उपाशी राहतील, याची त्यांना चिंता होती. बाराव्या शतकात ग्रेशियन यांनी धर्मसभेच्या कायद्याचे संकलन केले, तेव्हा अशी दोन्ही प्रकारची वचने त्यात शेजारी शेजारी आली आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम भाष्यकारांवर पडले. त्यांनी काढलेला मार्ग साधारणपणे असा: सर्वांना पुरेल एवढे असेल तर सर्वांना द्यावे, पुरेसे नसेल तर क्रम लावावा, आणि धडधाकट असूनही जो कामाऐवजी भिक्षाच पसंत करतो, त्याला देण्याचे बंधन नाही.

सोळाव्या शतकात शहरे फुगली, गावांतून माणसे लोटू लागली आणि हा वाद ग्रंथांतून रस्त्यावर आला. १५२६ साली हुआन लुईस विवेस या स्पॅनिश विद्वानाने ब्रुज नगरीसाठी एक योजना लिहिली. गरिबांची नोंदणी करावी, धडधाकटांना काम द्यावे, भीक मागण्यास आळा घालावा आणि मदतीचा कारभार नगरपालिकेने पाहावा, असे तिचे स्वरूप होते. पुढे स्पेनमध्येच या विचारावर मोठी खडाजंगी झाली. १५४५ साली सालामांका येथे दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. बेनेडिक्टाइन मठाधिपती हुआन दे रोब्लेस यांनी नोंदणीची बाजू मांडली. डोमिनिकन धर्मपंडित दोमिंगो दे सोतो यांनी तिला विरोध केला. ढोंगी शोधण्याच्या नादात खरे गरजू भरडले जातील, ही सोतो यांची मुख्य भीती. दोघेही धर्मगुरू, दोघेही गरिबांचे हितचिंतक. पुढच्या साडेचारशे वर्षांतील प्रत्येक कायद्यात या दोघांचे भांडण ऐकू येते.

धर्मग्राम आणि कर

इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडून काढले. आजाऱ्यांना व वाटसरूंना जो थोडाफार आसरा मठांकडून मिळत होता, तोही नाहीसा झाला. १५४७ च्या एका कायद्याने तर भटक्या बेकाराच्या अंगावर डाग देऊन त्याला दोन वर्षे गुलामीत ठेवण्याची मुभा दिली. तो इतका क्रूर होता, की दोन-तीन वर्षांतच मागे घ्यावा लागला.

शेवटी १६०१ साली राणी एलिझाबेथच्या राजवटीत प्रसिद्ध 'पुअर लॉ' झाला. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील गरिबांची जबाबदारी घ्यावी आणि त्यासाठी मालमत्ताधारकांकडून कर गोळा करावा, असे त्यात ठरले. गरिबांची वर्गवारीही झाली. वृद्ध, अपंग व आजारी यांना साहाय्य. काम करू शकणाऱ्यांना काम. आणि काम टाळणाऱ्यांना शिक्षा. दान हे दात्याच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बांधून घेतले, हे या कायद्याचे मोठेपण. परंतु जेथे कर आला तेथे करदात्याची कुरकुरही आली. १६६२ च्या वसाहत कायद्याने, बाहेरून आलेला माणूस पुढे मदत मागेल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला त्याच्या मूळ धर्मग्रामात परत पाठवता येऊ लागले. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्याने आपल्या उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, 'पी' हे अक्षर शिवून वावरावे असे फर्मावले. हा नियम रीतसर रद्द व्हायला १८१० साल उजाडले.

मदत द्यायची, पण ती घेताना लाज वाटली पाहिजे, हा विचार येथे प्रथम कापडावर शिवला गेला.

लाजेचे शास्त्र

१७९५ साली धान्य अतोनात महागले. बर्कशायर परगण्यातील न्यायाधीशांनी स्पीनमलँड येथे एक कोष्टक ठरवले. पावाची किंमत आणि कुटुंबातील माणसांची संख्या पाहून मजुराच्या तुटपुंज्या मजुरीत करातून भर घालायची, अशी ती व्यवस्था होती. हेतू दयाळू होता. पण तिच्यावर दोन आक्षेप आले. मजुरी वाढवण्याचे कारण मालकाला उरले नाही, हा एक. मजुराला कष्टाचे कारण उरले नाही, हा दुसरा. पुढच्या पिढीतील सत्ताधाऱ्यांनी दुसराच आक्षेप उचलून धरला.

१८३२ साली नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी लिहिला आणि १८३४ साली नवा कायदा झाला. त्याच्या मुळाशी एक सूत्र होते. मदत घेणाऱ्याची स्थिती ही स्वतंत्रपणे राबणाऱ्या सर्वांत हलाखीच्या मजुराच्या स्थितीपेक्षाही खालची असली पाहिजे. मजूर स्वतःच अर्धपोटी जगत असताना त्याच्याहून खाली जायचे म्हणजे काय करायचे? उपाशी तर ठेवता येत नाही. म्हणून अन्नात नाही तरी मानात उणे करायचे ठरले. धडधाकट माणसाला घरी बसून मदत मिळू नये. त्याने 'वर्कहाउस'मध्ये भरती व्हावे. तेथे नवराबायको वेगळी, मुले वेगळी. अंगावर संस्थेचे कपडे. दिवसभर दगड फोडणे किंवा जुने दोरखंड उसवणे. जो हे सोसायला तयार होईल तोच खरा गरजू. चौकशी करणाऱ्याची गरजच नाही. इमारत स्वतःच परीक्षा घेईल, अशी ही कल्पना होती.

परीक्षा किती पुढे गेली हे १८४५ साली अँडोव्हर येथे उघड झाले. तेथील वर्कहाउसमध्ये खतासाठी जनावरांची हाडे कुटण्याचे काम असे. अन्न इतके अपुरे, की माणसे त्या हाडांना चिकटलेले मांस व आतला मगज खात होती. संसदेने चौकशी केली आणि १८४७ साली जुने आयुक्त मंडळ जाऊन त्याच्या जागी नवे आले. सूत्र मात्र तेच राहिले.

विशेष असे, की याच चॅडविक यांनी १८४२ साली कामगारांच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि ताप यांमुळे कर्ती माणसे मरतात आणि त्यांच्या विधवा व मुले मदतीच्या दारी येतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. ज्या माणसाने गरिबीचे औषध म्हणून लाज सुचवली, त्यालाच आठ वर्षांनी गरिबीचे एक कारण गटारात सापडले. आजार हे आळसाचे फळ नव्हे, हे सिद्ध झाले. पण ते कायद्यात उतरायला फार काळ गेला. सार्वजनिक निधीतून केवळ औषधोपचार घेतल्याने मतदानाचा हक्क गमवावा लागू नये, एवढी साधी दुरुस्ती १८८५ साली झाली. इतर मदत घेणाऱ्याचा मताधिकार १९१८ पर्यंत हिरावलेलाच होता.

सूत्र समुद्र ओलांडते

या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबई इलाख्यात येऊन पोहोचतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला. १८६२ च्या अखेरीस तेथे पाच लाखांच्या आसपास माणसे मदतीवर जगत होती. त्याच वेळी मुंबईचे व्यापारी कापसावर गब्बर होत होते. १८६५ साली फुटलेला शेअर बाजाराचा फुगा त्याच पैशाने फुगला होता. लँकेशायरच्या विणकरांनी कोणता आळस केला होता? तरीही अनेक ठिकाणी त्यांना मदतीच्या बदल्यात दगड फोडायला लावले गेले. तलम सूत हाताळणारी बोटे रक्तबंबाळ झाली तेव्हा इंग्लंडलाही प्रश्न पडला. १८६३ साली खास कायदा करून रस्ते, गटारे व पाणीपुरवठ्याची कामे काढण्यासाठी नगरपालिकांना कर्जे देण्यात आली.

हा धडा भारतात मात्र पोहोचला नाही. १८७३-७४ च्या बिहारमधील दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून असंख्य प्राण वाचवले, आणि त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळेपणाचा ठपका त्यांच्यावर आला. पुढे १८७७ च्या आरंभी दक्षिणेतील भीषण दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांनाच प्रतिनिधी म्हणून पाठवले, तेव्हा ते काटकसरीचे व्रत घेऊनच आले. दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढीच त्यांनी ठरवली. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम. आणि दिवसभर खडी फोडायची! शिवाय काम घरापासून दहा मैल दूर असावे, म्हणजे खरा गरजू असेल तोच येईल, असा नियम. हे अंतर म्हणजे इंग्लंडच्या वर्कहाउसचीच उघड्या माळावरची आवृत्ती होती.

मुंबई इलाख्यातील मजुरांनी ही मजुरी नाकारली. लाखाच्या आसपास माणसे कामे सोडून निघून गेली. उपाशी माणसांनी अन्न देणाऱ्या कामावरच बहिष्कार घालावा, ही घटना विलक्षण होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांची पुणे सार्वजनिक सभा यांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनीही या मापावर माणूस जगू शकत नाही असे ठामपणे सांगितले आणि तेथे काही महिन्यांत मजुरी वाढवावी लागली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. मर्यादा आखणाऱ्याने भुकेलेल्याला विचारले नाही, तर भुकेलेला ती मर्यादा मोडून आपले म्हणणे सांगतो, हे त्या वर्षी दिसले.

विम्याची नवी भाषा

विसाव्या शतकाच्या आरंभी एक नवी कल्पना पुढे आली. कामगाराने चांगल्या दिवसांत थोडे भरावे, मालकाने थोडे भरावे, सरकारने थोडे घालावे आणि वाईट दिवसांत त्या निधीतून हक्काने घ्यावे. जर्मनीने बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, आजारविम्याने हा मार्ग दाखवला होता. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा आणला. आजारविम्यासाठी आठवड्याला कामगाराचे चार पेनी, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन. आजारी पुरुषाला आठवड्याला दहा शिलिंग आणि तेही सव्वीस आठवडे. त्यानंतर पाच शिलिंग. बेकारीसाठी सात शिलिंग. वर्षात जास्तीत जास्त पंधरा आठवडे. आणि आरंभी जहाजबांधणी, यंत्रकाम, इमारतकाम अशा मोजक्याच धंद्यांत.

मर्यादा येथेही होत्याच, पण त्यांची जात निराळी होती. पाच आठवड्यांची वर्गणी भरली तर एका आठवड्याचा भत्ता, असा हिशेब असे. वही बघायची, माणूस बघायचा नाही. कामगार खिडकीपाशी ताठ मानेने उभा राहू शकत होता, कारण तो स्वतःच भरलेले मागत होता. यात एक फट मात्र होती. विम्याचे गणित अल्पकाळच्या बेकारीसाठी मांडलेले होते. बेकारी वर्षानुवर्षे टिकली, तर वहीतील पाने संपतात. पण पोट संपत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर नेमके हेच झाले. १९२० साली विम्याचे छत्र कोटीभराहून अधिक कामगारांवर धरले गेले आणि लगेच मंदी आली. १९२१ पासून एक अट जोडली गेली. अर्जदार 'मनापासून काम शोधत आहे' हे त्याने स्वतः सिद्ध करायचे. ज्या गावातील एकमेव खाण बंद पडली आहे, तेथे माणसाने काम कोठे शोधायचे? तरीही लोक मैलोन्‌मैल चालून नकार गोळा करीत, कारण नकार हाच पुरावा होता. लाखो अर्ज याच कारणाने फेटाळले गेले. १९३० मध्ये ही अट काढण्यात आली.

मग १९३१ उजाडले. बेकारांची संख्या सत्तावीस लाखांच्या घरात गेली. भत्त्यात दहा टक्के कपात करावी की नाही यावरून ऑगस्टमध्ये मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले. नव्या राष्ट्रीय सरकारने पुरुषाचा भत्ता सतरा शिलिंगांवरून पंधरा शिलिंग तीन पेन्सांवर आणला, त्याची मुदत सव्वीस आठवडे केली आणि त्यापुढे ऐपतीची चाचणी लावली. आरंभी वर्णिलेला वहीवाला पाहुणा याच निर्णयातून जन्मला. ज्या समित्यांकडे चाचणी सोपवली त्या जुन्या पुअर लॉच्या वारसदार होत्या. विम्याचा हिशेब संपताच कामगार पुन्हा एलिझाबेथच्या कायद्याच्या दारात उभा राहिला. १९३२ साली रॉदरहॅम आणि डरहॅम येथील समित्या फार सैलपणे वागतात म्हणून त्या दूर सारून सरकारने आपले आयुक्त बसवले. दयाळू हातालाही मर्यादा घातली गेली. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये जॅरो गावचे दोनशे पुरुष काम मागण्यासाठी सुमारे तीनशे मैल चालत लंडनला गेले, तेव्हा वाटेवर असताना ते 'कामासाठी उपलब्ध नव्हते' म्हणून त्यांचा भत्ता कापण्यात आला!

बेव्हरिज आणि नंतर

विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ साली बंगालमधील रंगपूरचा; वडील तेथे न्यायाधीश होते. १९४२ च्या डिसेंबरमध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो विकत घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. मुदत संपली म्हणून बेकाराला ऐपतीच्या चाचणीकडे ढकलू नये, असे त्यांचे मत होते. भत्ता बेकारी असेपर्यंत चालावा. काही काळानंतर मात्र प्रशिक्षणाला हजर राहण्याची अट घालावी. ५ जुलै १९४८ रोजी नवी व्यवस्था अमलात आली आणि साडेतीनशे वर्षांचा पुअर लॉ इतिहासजमा झाला. परंतु बेकार भत्त्याला सरकारने तीस आठवड्यांची मर्यादा ठेवलीच. ती संपलेल्यांसाठी राष्ट्रीय साहाय्य होते, आणि त्यासाठी पुन्हा ऐपत तपासली जाई. मात्र मुलांच्या पगारावर बापाचा भत्ता ठरवणारी कुटुंबचाचणी १९४१ सालीच संपवण्यात आली होती.

त्यानंतरची वाटचाल एकाच दिशेची नाही. १९६६ साली ही मुदत जवळजवळ एक वर्षावर नेली गेली. १९९६ साली ती सहा महिन्यांवर आली. नियम मोडणाऱ्याचा भत्ता रोखण्याची कमाल मुदत १९११ पासून सहा आठवडे होती; १९८६ साली ती तेरा, १९८८ साली सव्वीस आठवडे झाली आणि २०१२ मध्ये तीन वर्षांपर्यंत गेली. २०१९ मध्ये ती पुन्हा सहा महिन्यांवर आणावी लागली. आजाऱ्यांच्या बाबतीत २००८ पासून काम करण्याच्या क्षमतेची नवी चाचणी आली. ज्यांना ती काही प्रमाणात तरी सक्षम ठरवी, त्यांचा वर्गणीवर आधारलेला भत्ता २०१२ पासून एका वर्षापुरताच झाला. चाचणीविरुद्ध अपिले झाली आणि मोठ्या संख्येने निर्णय फिरले. २०१३ साली एका कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण साहाय्यावर वर्षाला २६,००० पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. काम करणाऱ्या कुटुंबापेक्षा न करणाऱ्याला अधिक मिळू नये, हे तिचे समर्थन होते. १८३४ च्या सूत्राशी तिचे नाते सांगण्याची गरज नाही.

आपल्या अंगणात

भारतातील औद्योगिक कामगारांसाठी आजारविम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आडारकरांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये आला आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. पहिल्या कायद्यात आजारभत्ता वर्षात ५६ दिवस, सुमारे अर्ध्या पगाराइतका होता. पुढे तो ९१ दिवसांचा झाला. क्षयासारख्या दीर्घ आजारांसाठी वाढीव मुदतीची सोयही कालांतराने झाली. ही व्यवस्था नसती तर कित्येक गिरणी कामगारांना सावकाराशिवाय दुसरे दार उरले नसते.

पण फट येथेही तीच. वर्गणी पगारातून कापली जाते; पगार थांबला की काही काळाने हक्कही थांबतो. संपाच्या दिवसांसाठी आजारभत्ता देय नाही असे त्या कायद्याचे कलमच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतील असंख्य जण पुन्हा कधीच गिरणीत परतले नाहीत. बेकारीचा भत्ता तर त्या काळी योजनेत नव्हताच. तो २००५ साली मर्यादित स्वरूपात आला. आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत आयुष्यातून एकदाच, फार तर नव्वद दिवस, असे त्याचे स्वरूप ठरले. आयुष्यात एकदाच बेकार व्हावे, अशी सोय कोणत्या कामगाराच्या हाती असते?

महाराष्ट्राने मात्र एक वेगळी वाटही शोधली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ज्या प्रयोगाला चालना दिली, त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम मिळावे आणि पंधरा दिवसांत ते देता आले नाही, तर बेकार भत्ता द्यावा, असे त्यात होते. भत्ता दिवसाला अवघा एक रुपया होता. पण चूक कोणाची हे त्यातून ठरत होते. काम न मिळणे हा मजुराचा दोष राहिला नाही, तो शासनाचा ठरला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत असावे असे म्हटले. टेंपलसाहेबांचे दहा मैल आठवले, की या पाच किलोमीटरांचे मोल कळते. तेथे अंतर ही परीक्षा होती, येथे ते सरकारवरचे बंधन झाले.

चुकीचे ओझे

हा सारा प्रवास पाहिल्यावर मर्यादाच नकोत असे मला म्हणता येत नाही. निधी आटला तर पहिला फटका दुबळ्यालाच बसतो. रोब्लेस यांचे म्हणणे खोटे नव्हते. प्रश्न आहे तो चुकीचा. कोणतीही चाळण लावली तरी दोन चुका संभवतात. लबाडाला मदत मिळते ही एक. गरजू उपाशी राहतो ही दुसरी. चाळणीची भोके बारीक केली की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. पहिल्या चुकीचे ओझे साऱ्या करदात्यांत विभागले जाते. प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. दुसऱ्या चुकीचे ओझे एकाच घरावर संपूर्णपणे कोसळते. दोन्ही चुका सारख्याच वजनाच्या मानणे, हा या चारशे वर्षांतील मोठा प्रमाद. सोतो यांना हे १५४५ सालीच दिसले होते.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीनेही हा तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात बेकारांना निर्वाहाचे साहाय्य देणे हे कर्तव्य मानले, कारण सृष्टीतील वस्तू सर्वांसाठी आहेत. त्याच पोपमहोदयांनी १९९१ साली, सारेच आपल्या हाती घेणारे शासन माणसाची हिंमत आणि शेजारधर्म दोन्ही खच्ची करते, असा इशाराही दिला. ही दोन विधाने एकमेकांना छेद देत नाहीत. मदत हक्काची असावी, पण ती देणारा हात कागदाचा असू नये, असा त्यांचा एकत्रित अर्थ मला लागतो.

१८३३ साली, म्हणजे इंग्लंडच्या त्या कठोर कायद्याच्या एकच वर्ष आधी, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह गरिबांच्या घरी जाण्याचा परिपाठ सुरू केला. त्यातूनच सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. आपल्या अनेक धर्मग्रामांत तिची शाखा आहे. तिचे सभासद घरी जातात, परिस्थिती पाहतात, प्रश्न विचारतात. १९३१ चा वहीवाला निरीक्षकही हेच करीत होता. दोघांच्याही हाती पैसा मोजकाच. फरक एवढाच, की एक जण द्यावे कसे हे शोधायला जात होता आणि दुसरा नाकारावे कसे हे. आपल्या संस्था, पतपेढ्या आणि धर्मादाय निधी यांचे अर्ज छापताना, आणि त्या अर्जांवर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा मारताना, आपण या दोघांपैकी कोणाच्या पावलावर पाऊल टाकतो आहोत, हे तपासून पाहण्यास हरकत नाही. ती चाचणी मात्र घेणाऱ्याने स्वतःचीच घ्यायची आहे.